भाग १४ : वॉटर कूलिंग लावलं, तरी मशीन का अडखळतं?

मागच्या भागात आपण ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय आणि बायोसमध्ये मल्टिप्लायर कुठे बदलायचा, हे पाहिलं. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत दोन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसले. पहिला : ‘वॉटर कूलिंग आहे, प्रोसेसर ७० अंशांच्या वर जात नाही, तरी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन रीस्टार्ट होतं. असं का?’ दुसरा अगदी उलटा : ‘मशीन कधीच बंद पडत नाही, पण तापमान ९५ दाखवतंय. घाबरायचं का?’

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. मशीन थंड असलं की ते स्थिर असतं आणि गरम झालं की बिघडतं, असं आपण धरून चालतो. तापमान आणि स्थिरता यांचं नातं आहे, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उष्णता वाहून नेतं. प्रोसेसर बरोबर गणित करतोय की नाही, हे पाण्याच्या हातात नसतं.

उदाहरणासाठी मी इंटेलचा कोअर आय ७-८७००के घेतोय. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, सहा कोअरचा. लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की बेंगळुरूचा एसपी रोड, हौशी लोकांनी हा प्रोसेसर खूप वापरला. आणि शिकण्यासाठी तो उत्तम आहे, कारण त्यात सगळे गुणदोष ठळकपणे दिसतात.

उष्णता वाढते किती?

सगळे कोअर कामाला लागले, की हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो. आपल्याला तो ५ गिगाहर्ट्झवर न्यायचा आहे. म्हणजे वेग साधारण १६ टक्के वाढणार. मग उष्णताही १६ टक्केच वाढेल का? नाही.

वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढत असली, तरी व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आधी १.१५ व्होल्ट लागत होते आणि आता १.३५ लागतात. १.३५ भागिले १.१५ म्हणजे १.१७. त्याचा वर्ग १.३८. त्याला वेगातल्या वाढीने, १.१६ ने गुणा. उत्तर येतं १.६. म्हणजे १६ टक्के वेगासाठी ६० टक्के जास्त उष्णता. जिथे १०० वॉट होते, तिथे १६० वॉट. शिवाय चिप जितकी गरम, तितका तिच्यातून वाया झिरपणारा प्रवाह जास्त, ती भर वेगळीच.

एवढं एक गणित लक्षात ठेवा. ओव्हरक्लॉकिंगमध्ये खरा खर्च वेगाचा नसतो, व्होल्टेजचा असतो.

पाणी काय करतं आणि काय करत नाही

चिपमध्ये तयार झालेली उष्णता टप्प्याटप्प्याने बाहेर पडते. चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, तिथून वॉटर ब्लॉकच्या तांब्यात, तांब्यातून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या पात्यांत आणि शेवटी पंख्याच्या हवेत. प्रत्येक टप्प्यावर थोडा अडथळा आहे आणि प्रत्येक अडथळ्यापाशी तापमानाचे काही अंश चढतात.

ही साखळी सुरू होते खोलीच्या हवेपासून. बरेच जण मला विचारतात, ‘पाण्याने खोलीपेक्षा थंड होईल ना?’ माठातलं पाणी खोलीपेक्षा थंड होतं, कारण ते पाझरतं आणि त्याची वाफ होते. आपल्या नळ्यांमधलं पाणी बंदिस्त आहे. त्याची वाफ होत नाही, त्यामुळे ते खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. बेंगळुरूत खोली २६ अंशांवर आहे आणि नागपुरात मे महिन्यात तीच खोली ३८ वर आहे, तर नागपूरच्या मशीनचा प्रत्येक आकडा साधारण १२ अंशांनी वर सरकणार. मशीन तेच, सेटिंग तेच. म्हणून परदेशातल्या व्हिडिओतले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथली खोली बहुधा २१-२२ अंशांची असते.

आता एक उपयोगी सवय सांगतो. नुसतं प्रोसेसरचं तापमान पाहू नका. दोन फरक पाहा. पहिला, पाणी आणि खोली यांतला फरक. दुसरा, प्रोसेसर आणि पाणी यांतला फरक. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर बऱ्याच तयार सीलबंद संचांत, म्हणजे एआयओंमध्ये, असतो. स्वतः जोडलेल्या लूपमध्ये तो वेगळा बसवता येतो.

समजा खोली ३० अंश, पाणी ३८ आणि प्रोसेसर ९२. पाणी आणि खोलीत फरक फक्त ८. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करतोय. अडचण प्रोसेसर आणि पाणी यांच्यामध्ये आहे, तिथला फरक ५४. अशा वेळी मोठा रेडिएटर आणायला पैसे घालवू नका. ब्लॉकची पकड, थर्मल पेस्ट, पंपाचा वेग किंवा वाढवलेलं व्होल्टेज, यांतलं काहीतरी पाहावं लागेल. ८७००केमध्ये तर चिप आणि झाकण यांच्या मध्येही सोल्डर नसून पेस्ट आहे. म्हणून हौशी लोक त्याचं झाकण काढून आतली पेस्ट बदलत असत. २०१८ मध्ये आलेल्या आय ९-९९००केमध्ये इंटेलने तिथे पुन्हा सोल्डर वापरलं.

उलट समजा खोली ३०, पाणी ५२ आणि प्रोसेसर ९२. आता अडचण पाणी आणि खोली यांच्यात आहे. रेडिएटरमध्ये धूळ बसलीय, पंखे हळू फिरतायत, किंवा कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डने तापवलेलीच हवा रेडिएटरला मिळतेय. इथे नवी पेस्ट लावून काही होणार नाही. ब्रश आणि ब्लोअर घ्या.

प्रोसेसर दोन्ही वेळा ९२ च दाखवतोय, पण आजार वेगळे आहेत. म्हणून फरक पाहायचा.

दहा मिनिटांची चाचणी का चालत नाही?

पाण्याला तापायला वेळ लागतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. २०० वॉटचा प्रोसेसर ही उष्णता सुमारे २१ सेकंदांत देतो. पण पाणी तापत असतानाच रेडिएटर उष्णता बाहेर टाकत असतो, त्यामुळे पाणी सावकाश चढत जातं आणि एका पातळीवर स्थिरावतं. त्याला १५ ते ३० मिनिटं सहज लागतात.

एअर कूलरवर चाचणी लावली, की पाच-दहा मिनिटांत खरी परिस्थिती कळते. वॉटर कूलिंगवर पहिल्या दहा मिनिटांत दिसतो तो आकडा फसवा असतो, पाणी अजून तापायचंच असतं. म्हणून मी अर्ध्या तासाच्या आतला कुठलाही आकडा वहीत लिहीत नाही.

याच कारणाने पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला जोडू नका, शक्य असेल तर पाण्याच्या तापमानाला जोडा. प्रोसेसरचं तापमान सेकंदात २० अंश वर-खाली होतं, मग पंखेही उगाच घोंघावतात आणि थांबतात. पंप मात्र एका ठरावीक वेगाने सतत चालू द्या.

स्थिरता म्हणजे नेमकं काय?

५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. एका ठोक्याला वेळ मिळतो ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. या वेळात चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या साखळीने आपलं काम उरकून उत्तर तयार ठेवायचं असतं. व्होल्टेज पुरेसं असेल तर ट्रान्झिस्टर चटकन पलटतात. कमी पडलं तर एखादी साखळी मागे राहते, ठोका पडतो आणि अर्धवट उत्तरच पुढे जातं. शून्याच्या जागी एक, किंवा एकाच्या जागी शून्य.

हे चुकलेलं उत्तर कुठे पडतं, यावर पुढचं सगळं अवलंबून. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नाजूक भागात पडलं, तर निळी स्क्रीन येते किंवा मशीन रीस्टार्ट होतं. कधी प्रोसेसर स्वतःच चूक पकडून दुरुस्त करतो. तेव्हा काहीच दिसत नाही, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ नावाने नोंद होते. ती नोंद दिसली की समजा, तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात.

आणि तिसरी शक्यता सर्वांत वाईट. चुकलेलं उत्तर तुमच्या कामात पडतं. लग्नाच्या व्हिडिओतल्या एका फ्रेमवर हिरवे चौकोन येतात. बॅकअपची झिप फाइल तयार होते, पण सहा महिन्यांनी उघडायला जावं तर उघडत नाही. मशीन एकदाही बंद पडलेलं नसतं. ज्याचं पोट संगणकावर आहे, त्याने घाबरायचं ते याला. निळी स्क्रीन निदान सांगून येते.

तापमानाचा संबंध इथे येतो. तापलेल्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर थोडे मंद होतात आणि झिरपणाऱ्या प्रवाहामुळे वीजही जास्त ओढली जाते. म्हणजे ६५ अंशांना जे व्होल्टेज जेमतेम पुरतं, ते ८५ ला अपुरं पडू शकतं. इंदूरला जानेवारीच्या थंडीत ‘पास’ झालेलं सेटिंग मे महिन्यात नापास होतं, ते यामुळे. चाचणी उन्हाळ्यात करा. नाहीतर निदान खिडक्या बंद करून, एसी न लावता, दुपारी करा.

मग ७० अंशांवर मशीन का पडतं?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. प्रोसेसर थंड आहे आणि तरी मशीन पडतंय, तर मी या क्रमाने पाहतो.

पहिलं, व्होल्टेज कमी असणं. तापमान ७० वर आहे याचा अर्थ व्होल्टेज पुरेसं आहे असा होत नाही. कदाचित व्होल्टेज कमी आहे म्हणूनच तापमान कमी दिसतंय!

दुसरं, व्होल्टेज कोसळणं. तुम्ही बायोसमध्ये १.३० ठेवलंत, पण प्रोसेसरवर एकदम भार आला की ते १.२४ पर्यंत उतरतं. हा उतार मदरबोर्डच्या रचनेतच ठेवलेला असतो. तो कमी करण्यासाठी बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं. पण ते अगदी टोकाला नेऊ नका. भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्यापेक्षा वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतसुद्धा नाही. मी मधली पातळी ठेवतो. मॅन्युअल जरूर वाचा, कारण काही बोर्डांवर १ म्हणजे सर्वांत सौम्य आणि काहींवर १ म्हणजे सर्वांत कडक.

तिसरं, मदरबोर्डवरचे व्होल्टेज पुरवणारे भाग, ज्यांना आपण व्हीआरएम म्हणतो. हे वॉटर कूलिंगवाल्यांचं खास दुखणं आहे. एअर कूलरचा पंखा येता-जाता व्हीआरएमवरही हवा घालतो. वॉटर ब्लॉक बसवला की तो वारा बंद होतो. प्रोसेसर ७० वर आणि व्हीआरएम १०० च्या पुढे, असं सहज होतं. मग वेग आपोआप घसरतो किंवा मशीन बंद पडतं. उपाय साधा आहे, त्या भागावर हवा जाईल असा एक पंखा लावा.

चौथं, मेमरी. एक्सएमपी चालू केलं म्हणजे मेमरीचंही ओव्हरक्लॉकिंगच झालं. कित्येकदा गुन्हा मेमरीचा असतो आणि शिक्षा प्रोसेसरला होते.

पाचवं, एव्हीएक्स. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात या प्रकारच्या सूचना वापरल्या जातात. त्यांना जास्त वीज लागते आणि जास्त व्होल्टेजही लागतं. म्हणून गेम तासन् तास चालतो आणि एक्स्पोर्ट दहा मिनिटांत कोसळतो. ८७००केच्या बोर्डांवर एव्हीएक्स ऑफसेट नावाचं सेटिंग मिळतं. ते २ ठेवलं, की अशा कामात वेग २०० मेगाहर्ट्झने आपोआप खाली येतो.

माझी पद्धत

मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि प्रत्येक बदल वहीत लिहितो. खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, भाराखालचं व्होल्टेज आणि निकाल. पाच रकाने.

सुरुवातीला सगळं मूळ सेटिंगवर ठेवून अर्धा तास भार देतो. एक्सएमपी बंद. मग व्होल्टेज १.२५ वर पक्कं करतो आणि मल्टिप्लायर ४७ पासून एकेक पायरी चढवतो. प्रत्येक पायरीवर छोटी चाचणी. मशीन पडलं, की व्होल्टेज ०.०२ ने वाढवतो. तापमान ८५ च्या वर गेलं किंवा व्होल्टेज १.३५ ला पोचलं, की थांबतो. या माझ्या स्वतःच्या मर्यादा आहेत. चिप स्वतःला वाचवण्यासाठी १०० अंशांना वेग कमी करते, पण मला उन्हाळ्यासाठी जागा राखायची असते. आणि कुठलीही चिप ५ गिगाहर्ट्झला पोचेलच असं नाही. एकाच खोक्यातल्या दोन चिपा सारख्या नसतात.

मग मोठी चाचणी. प्राइम९५ हा मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधणारा प्रोग्रॅम. त्याच्या टॉर्चर टेस्टमध्ये प्रोसेसर गणितं करतो आणि आलेली उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहिली जातात. म्हणून मशीन न पडताही झालेली चूक तिथे पकडली जाते. ओसीसीटीही अशा चुका मोजतो. सिनेबेंच एकदा पूर्ण झालं म्हणजे मशीन स्थिर झालं, असं मात्र मानू नका.

मी तीन प्रकारे तपासतो. काही तास जड भार, रात्रभर आपलं रोजचं खरं काम, आणि मग हलका, चढउतार होणारा वापर. काही मशीनं पूर्ण भाराखाली टिकतात आणि ब्राउझर उघडताना पडतात, कारण वेग आणि व्होल्टेज वरखाली होतानाच अडखळतात. सगळं पास झालं, की शेवटी १०० मेगाहर्ट्झ मागे येतो. हा माझा मे महिन्याचा राखीव साठा. त्यानंतर एक्सएमपी चालू करून मेमरीची वेगळी चाचणी.

९५ अंश म्हणजे धोका?

आता दुसरा प्रश्न. उत्तर प्रोसेसरवर अवलंबून आहे. एएमडीने २०२२ मध्ये आणलेली रायझन ७००० मालिका मुळातच अशी बनवली आहे, की जड भाराखाली ती ९५ अंशांपर्यंत जाते आणि तिथे राहून जमेल तितका वेग देते. चांगलं कूलिंग लावलंत तर ती तापमान कमी करण्याऐवजी वेग वाढवते. तिथे ९५ हा बिघाड नाही. पण ८७००के मूळ सेटिंगवर, वॉटर कूलिंग असूनही ९५ दाखवत असेल, तर पंप फिरतोय का ते आधी पाहा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झीज. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान मिळून चिप हळूहळू थकवतात. आधी १.३० व्होल्टला चालणारं सेटिंग वर्षभराने १.३३ मागायला लागतं. पाण्याने तापमान आटोक्यात येतं, व्होल्टेजचा मार मात्र चिपलाच सोसावा लागतो.

ही पुस्तकी गोष्ट नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळले. त्यानंतर एएमडीने बायोस अपडेटद्वारे एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरता दिसली. मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे त्यामागचं एक मुख्य कारण निघालं. इंटेलने दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप कुठल्याही अपडेटने पूर्ववत होत नाही. तुमच्याकडे यांपैकी प्रोसेसर असेल, तर ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायोस अपडेट करा.

पाण्याची निगा, थोडक्यात

स्वतः भरायच्या लूपमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य, किंवा तयार कूलंट वापरा. नळाचं किंवा आरओचं पाणी नको. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच लूपमध्ये जोडू नका, ॲल्युमिनियम गंजत जातं. एआयओमध्ये पंप हा सर्वांत उंच बिंदू नसावा, नाहीतर आतली हवा पंपात जमते. रेडिएटर वर ठेवा किंवा त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहू द्या. एअर कूलरमध्ये (वाळ्याच्या डेझर्ट कूलरबद्दल बोलतोय) खोली गार होते ते चांगलंच, पण त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

शेवटी एवढंच सांगतो. नवे प्रोसेसर कारखान्यातूनच जवळजवळ शेवटच्या पायरीपर्यंत चढवून येतात. तिथे ओव्हरक्लॉकिंगने मिळणारा फायदा थोडा असतो आणि उन्हाळा आपला मोठा असतो. अशा वेळी व्होल्टेज थोडं कमी करून तोच वेग टिकवणं, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हा अनेकदा जास्त शहाणपणाचा मार्ग ठरतो. चाचण्या मात्र त्यालाही याच लागतात.

पुढच्या भागात मेमरीचं ओव्हरक्लॉकिंग पाहू. तोवर तुमचे आकडे जरूर पाठवा. फक्त प्रोसेसरचं तापमान लिहू नका. खोली किती, पाणी किती आणि भार देऊन किती वेळ झाला, हेही लिहा. तरच मला नेमकं उत्तर देता येईल. भेटू या.